आभार: नलिनी, घाटकोपर

मुलुंड (पूर्व)
३ नोव्हेंबर २०२५

ती. नलिनीकाकू,
सा. न.

१. मी ‘रुमाल’ नावाचं एक सॉफ्टवेअर लिहिलं. आभासी चलनात एकाने दुसऱ्याला पैसे पाठवले की ती नोंद साऱ्या जगाला वाचता येते. रुमाल वापरला तर नोंद राहते, पण कुणी, कुणाला, किती, हे फक्त त्या दोघांना कळतं.

२. ते मी खुलं ठेवलं. कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, बदलावं. त्याचे मी कधी पैसे घेतले नाहीत.

३. काही भामट्यांनी लोकांना फोनवर घाबरवून लुबाडलं. ते पैसे पुढे सरकवताना त्यांनी रुमाल वापरला. ही माणसं कोण, ते मला माहीत नाही.

४. तपास अधिकारी घरी आले. लॅपटॉप आणि फोन घेऊन गेले.

५. मला अटक झाली. आरोप: फसवणुकीला साहाय्य.

६. कोर्टाने जामीन मंजूर केला. अट: मुंबईत स्वतःच्या नावावर जागा असलेला एक जामीनदार.

७. आमची इमारत पाडून नवी बांधतायत. आम्ही भाड्याच्या घरात आहोत आणि जुन्या घराचे कागद सोसायटी आणि बिल्डर यांच्यात अडकलेत. बाबांच्या दोन मित्रांनी आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं.

८. तू आलीस.

९. तुला कुणी बोलावलं नव्हतं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तू विचारलंस, “नेमका काय झाला ता सांग गो.” तेव्हा मला बोलता आलं नाही. वर लिहिलंय ते त्याचं उत्तर. क्रम बरोबर आहे, क्षमाने तपासलाय. क्षमा म्हणजे माझी वकील, काळा कोट आणि पांढरे बूट घातलेली. तुला पत्र लिहायला हरकत नाही असंही तिने सांगितलंय.

आठव्या मुद्द्याबद्दल मात्र थोडं लिहायला हवं. तो एका ओळीत मावत नाही.

आजोबांची गिरणीची खोली विकली गेली त्या वर्षापासून आपली दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. मुलुंड ते घाटकोपर अंतर किती, हे मला कुणी विचारलं असतं तर मी किलोमीटरमध्ये सांगितलं नसतं. म्हणून तू दारातून आत आलीस तेव्हा मला वाटलं, तू दुसऱ्याच कुणाच्या तरी खटल्याला आली आहेस. बाबा बाकावरून उठले आणि परत बसले. तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. सरळ पुढे गेलीस.

“नातं काय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“माझ्या दिराची मुलगी.”

“ती काय काम करते, माहीत आहे?”

“कॉम्प्युटरात लिवता.”

“ती उद्या पळून गेली तर जबाबदारी तुमच्यावर येईल. समजलं का?”

“साहेब, हिका रस्तो ओलांडूक धड येणा नाय. पळतली खंय?”

न्यायाधीशांनी मान खाली घातली. हसले असावेत. मी उभी होते तिथून खात्री करता आली नाही.

मग तू भाजीच्या पिशवीतून कागद काढलेस. ते काकांच्या घराचे असतील असं मी धरून चालले होते. कारकुनाने मोठ्याने वाचलं: कांजूरमार्ग, एक खोली, मालक नलिनी राजाराम परब. दुसरं नाव नव्हतं. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने फरशीकडे पाहिलं. आईला हे आधीपासून माहीत होतं का, ते ती सांगत नाही. तुला माझ्या अटकेचं कुणी कळवलं, तेही सांगत नाही. तुम्हा दोघींचं काही चालू होतं हे नक्की, आणि ते इतकी वर्षं दोन्ही भावांच्या नजरेतून सुटलं. मी खासगीपणावर काम करते, काकू. माझ्या घरात माझ्याहून चांगलं काम चालू होतं.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, “आता भेटूक येव नको. फोन करू नको, फोन ह्यांच्या हातात आसता. पत्र धाड. कांजूरच्या खोलयेवर. पेटीची चावी माझ्याकडेच आसा.” आणि रिक्षात बसलीस. मला नमस्कारही करता आला नाही.

मी आभार फारसे मानत नाही. मानले तर लोकांना वाटतं, मी पावती देतेय. त्यामुळे इथे नुसतं लिहून ठेवते: मी घरी आहे. सकाळी माझ्या हाताने चहा करते. खिडकी उघडायची असेल तर उघडते. यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. ते तू आणून दिलंस.

तुझी,
रुचिरा

मुलुंड (पूर्व)
१७ नोव्हेंबर २०२५

ती. काकू,
सा. न.

तुझं उत्तर आलं नाही. ही तक्रार नाही, नोंद आहे.

मागच्या पत्रात ‘रुमाल’ या नावाबद्दल मी काही लिहिलं नाही. तपास अधिकाऱ्यांनी तेच सर्वांत आधी विचारलं होतं. ते पन्नाशीचे, सभ्य. मला चहा देत आणि स्वतः कोमट पाणी पीत.

“रुमाल का?”

“बाजारात रुमालाखाली सौदा करतात, त्यावरून.”

“कुठल्या बाजारात?”

“गुरांच्या.”

“तुम्ही गुरांच्या बाजारात गेला आहात कधी?”

“नाही.”

“मग कुणी सांगितलं?”

मी म्हणाले, “सांगणार नाही.” क्षमा नंतर माझ्यावर चिडली. म्हणाली, “‘आठवत नाही’ म्हण ना! तेवढंच उत्तर होतं, आणि त्याने साहेबांची भूक वाढली नसती.” पण मला आठवत होतं. आठवत नाही असं मी कसं म्हणू?

आई हॉस्पिटलमध्ये होती ते वर्ष मी तुझ्याकडे घाटकोपरला होते. सातवीत. तुझे वडील बैलांचे दलाल होते, ते तू सांगायचीस. घेणारा आणि देणारा हातावर पंचा टाकायचे आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. सगळा बाजार भोवती उभा, सगळ्यांना दिसतंय की सौदा चाललाय, पण आकडा फक्त दोघांना माहीत. तू माझ्या हातावर तुझा पांढरा रुमाल टाकायचीस आणि जेवायच्या आधी कालवणातल्या तुकड्यांचा सौदा व्हायचा. मी दोन बोटं दाबायची, तू तीन. मी अडून बसायचे. काका शेजारी पेपर वाचत असायचे. त्यांना वाटायचं, तू माझी नखं बघतेयस.

दुसरीही एक गोष्ट मला त्याच वर्षाची आठवते. एकदा जेवताना काकांचा फोन वाजला. तुझ्या खात्यातून पैसे काढल्याचा बँकेचा मेसेज त्यांच्या नंबरवर यायचा, कारण बँकेत नंबर त्यांचाच दिलेला होता. ते मोठ्याने वाचून म्हणाले, “नलिनीबाईंनी आज पैसे काढलेत. मंडळींना कारण सांगा.” मंडळी म्हणजे मी आणि तुझा देवेश. मी आमटीभात खात होते. मसाला तू कुटायचीस, अंधेरीच्या ऑफिसांत नेऊन तूच विकायचीस. पैसे तुझेच होते. तू म्हणालीस, “भाजयेक.” ते खरं नव्हतं, आणि त्या घरात ते खोटं बोलावं लागलं याचं कुणाला काही वाटलं नाही.

रुमाल लिहिताना हे माझ्या डोळ्यांपुढे होतं, असं मी म्हणणार नाही. मी तसं काम करत नाही. पण पहिल्या पानावर ‘हे कुणासाठी’ या मथळ्याखाली मी एक ओळ लिहिली आहे: ‘ज्यांचे पैसे स्वतःचे आहेत पण फोन स्वतःचा नाही, त्यांच्यासाठी.’ साहेबांनी मला विचारलं, “प्रामाणिक माणसाला लपवायचं काय असतं?” माझ्याकडे उत्तर होतं. ते घाटकोपरला राहत होतं, म्हणून दिलं नाही.

आता जे सांगायचंय ते. आमच्या कामात एक रीत आहे. अशा खुल्या कामात पैसे कुणालाच मिळत नाहीत, म्हणून श्रेय देण्याबाबत आम्ही फार काटेकोर असतो. प्रत्येक प्रकल्पात ‘आभार’ नावाचं एक पान असतं. कुणी चूक दाखवली, कुणी कल्पना दिली, त्यांची नावं. माझ्या पानावर ब्राझीलचा एक विद्यार्थी आहे, पुण्याच्या गणिताच्या एक बाई आहेत, ज्यांना मी कधीच भेटले नाही असे बरेच आहेत. शेवटची ओळ अशी आहे: नलिनी, घाटकोपर.

तपास यंत्रणेने ते पान छापून फायलीत लावलं आणि वर शाईने लिहिलं: ‘टोळीतील इतर सदस्य’.

तू कोर्टात आपलं नाव सांगितलंस तेव्हा ते साहेब मागच्या बाकावर होते. त्यांनी मान वर केली. मी ते पाहिलं. तू पाहिलंस का, माहीत नाही. क्षमा म्हणते, आभार मानल्याने आजवर कुणी आरोपी झालेलं नाही. मी विचारलं, “आजवर?” ती म्हणाली, “सॉफ्टवेअर लिहिल्याने तरी कुठे होत होतं?” नाव घालताना मी तुला विचारलं नव्हतं. आमच्या रीतीत त्याला परवानगी लागत नाही. लागायला हवी.

साहेबांचा एकच प्रश्न मला अजून पुरून उरलाय.

“हे आता बंद करा,” ते म्हणाले.

“बंद करायला बटण नाही. हजारो लोकांकडे प्रती आहेत.”

“मग बटण ठेवलं का नाहीत?”

“ठेवलं असतं तर ते माझ्या हातात राहिलं असतं. कुणाचा रुमाल ओढायचा ते मी ठरवलं असतं.”

“म्हणजे तुम्हाला ठरवायचं नव्हतं. जबाबदारी नको होती.”

मालाडच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांची पुंजी या वाटेने गेली. त्या कोर्टात येतात, डबा आणतात, पहिल्या रांगेत बसतात. त्यांना मी काय सांगू? सुरी बनवणारा लोहार गुन्हेगार नसतो, असं क्षमा म्हणेल, आणि ते कायद्याने बरोबरही असेल. पण त्या बाई माझ्याकडे बघतात तेव्हा मला लोहार आठवत नाही.

परदेशात अशा साधनांच्या काही लेखकांना शिक्षा झालेली आहे. इथे काय होईल ते कुणालाच ठाऊक नाही. यंत्रणेचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर असं, की रुमाल वापरणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाची मी जामीनदार आहे. आणि जामीनदार म्हणजे काय, ते मी त्या दिवशी कोर्टात प्रत्यक्ष पाहिलं. दुसऱ्याच्या उद्याच्या वागण्याची जबाबदारी आजच, नाव सांगून, सही करून घेणारा माणूस. मी कुणासाठीच अशी सही केली नव्हती. तू माझ्यासाठी केलीस, आणि न्यायाधीशांनी दोनदा विचारल्यावर केलीस.

हा फरक मला कोर्टात क्षमाच्या तोंडून मांडायचाय. तो मला तू दाखवलास. त्याबद्दलही आभार. यावेळी कुठल्याही पानावर लिहिलेले नाहीत.

तुझी,
रुचिरा

मुलुंड (पूर्व)
५ डिसेंबर २०२५

ती. काकू,
सा. न.

देवेशचा फोन आला होता, आईच्या फोनवर. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज ओळखू येणार नाही असं वाटलं होतं. ओळखू आला. अजून वाक्य अर्ध्यात सोडून श्वास घेतो.

“काय गं, वाट लावलीस ना आमच्या घराची?”

“काय झालं?”

“काय झालं विचारते! पोलीस आलेला घरी. जामीनदार इथेच राहते का, बघायला. पप्पा म्हणाले, कसला जामीन, कुणाचा? तर तो बोलला, नलिनी परब, कांजूरमार्गला स्वतःची खोली आहे त्या. पप्पांना वाटलं, दुसरी कोणतरी असेल. हसले पण.”

“मग?”

“मग आई आतून आली आणि म्हणाली, ‘मीच ती. च्या घेतलास?’ त्या पोलिसाला!”

मला हसू आलं. देवेशलाही आलं. मग म्हणाला, त्या पोलिसाने जाता जाता खिशातून एक कागद काढला आणि विचारलं, ‘नलिनी, घाटकोपर म्हणजे तुम्हीच का?’ तर तू म्हणालीस, “घाटकोपरात नलिनी किती आसत ता मोजलंत काय?” तो कागद घडी घालून निघून गेला.

काकू, क्षमाला हे सांगितलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “हिला आधी भेटायला हवं होतं मी.”

देवेश पुढे म्हणाला, “तुला माहीत होतं खोलीचं?”

“नाही.”

“खरं सांग यार.”

“कोर्टात कळलं. तुझ्याआधी थोडंच.”

“मला नाही सांगितलं तिने. मला. सख्ख्या मुलाला.” त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. “पप्पा दोन दिवस जेवले नाहीत. सारखं एकच, माझ्या घरात राहून माझ्या पाठीमागे घर केलं. आता म्हणतात, जामीन काढून घे आणि खोली विकून टाक. नाहीतर माझं नाव लाव, नाहीतर देवेशचं.”

“तुझं काय म्हणणं?”

“माझं काय असणार! मी बघून आलो खोली. बाहेरून. वारं सुटलं की डंपिंगच्या कचऱ्याचा वास मारतो, पण झकास आहे गं. खाली पेटीवर नाव आहे तिचं. नुसतं ‘नलिनी परब’.”



त्यानंतर क्षमाने सांगितलं की तू तिच्या ऑफिसात जाऊन आलीस. बोलावलेलं नसताना. मला कळवलं नाहीस ते ठीक. तू तिला एकच प्रश्न विचारलास: “हो जामीन किती दिस चालता?” तिने सांगितलं, खटला संपेपर्यंत, किंवा रुचिराला त्यातून वगळेपर्यंत, किंवा दुसरा जामीनदार मिळेपर्यंत. तोवर खोली विकणार नाही, कुणाच्या नावावर करणार नाही, अशी हमी तू लिहून दिलेली आहेस, मूळ कागदांवर कोर्टाचा शिक्का आहे. तू मान डोलावलीस, पाणी प्यालीस आणि गेलीस.

मी त्याचा अर्थ असा लावला: तुला सुटायचं आहे. आणि ते अगदी योग्य आहे. तू जे झाकून ठेवलं होतंस ते माझ्यासाठी भर कोर्टात वाचलं गेलं. मी लोकांचे व्यवहार झाकणारं साधन लिहिलं आणि त्याची किंमत म्हणून जिचं सगळ्यात जपून ठेवलेलं होतं तिचंच उघडं पडलं. हे मला गणितासारखं सोडवून दाखवता आलं असतं, तर दाखवलं असतं. येत नाही.

म्हणून मी दुसरा जामीनदार शोधायला लागले आहे. मी लोकांना फोन करून काही मागितलेलं नाही आजवर. आईच्या फोनवरून करते. सुरुवातीला वाक्य आधी कागदावर लिहून घेत होते. आता घेत नाही. हेही तुझ्यामुळे जमलं असं म्हणता येईल. विनंती न करताही माणूस येऊ शकतो हे एकदा पाहिलं की विनंती करून ‘नाही’ ऐकणं तितकं अवघड राहत नाही.

तुला कोर्टातून मोकळं करीन. थोडा वेळ दे.

तुझी,
रुचिरा

मुलुंड (पूर्व)
२ जानेवारी २०२६

ती. काकू,
सा. न.

जामीनदार मिळाला. केयूर, माझ्याबरोबर पूर्वी कामाला होता, बोरिवलीला राहतो. फ्लॅट त्याच्या नावावर आहे, बायकोने हो म्हटलंय, कागद तयार आहेत. तो म्हणाला, “मला आधी का नाही विचारलंस?” मी म्हणाले, “विचारायला येत नव्हतं.” तो म्हणाला, “ते आम्हाला ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.” मंगळवारी, १३ जानेवारीला तारीख आहे. मला खटल्यातून वगळावं हा क्षमाचा अर्ज त्या दिवशी पुढे येईल, आणि त्याच दिवशी तुझ्या जागी केयूरला घ्यावं हा अर्जही देता येईल. मंजूर झाला की शिक्का निघेल, तुझे कागद तुला परत मिळतील. हे पत्र इतकंच असणार होतं.

पण काल देवेशचा परत फोन आला.

“ऐक ना, एक विचारायचं होतं. तो कोर्टाचा शिक्का किती दिवस राहतो?”

“का रे?”

“अगं, पप्पांचं रोज चालूच आहे. खोली विका, खोली विका. एक एजंट पण आणला त्यांनी. आई काय बोलते माहीतेय? ‘माझी ना नाय हो, मी खंय नको म्हणतंय! पण कोर्टाचो शिक्को आसा. विकलंय तर पोलीस माका धरतीत.’ असा चेहरा करते ना, जणू काय तिलाच घाई आहे विकायची. पप्पा काय करणार? कोर्टाशी कोण भांडणार? परवा त्या एजंटला पप्पांनी स्वतःच सांगितलं, जरा थांबा, सरकारी अडचण आहे.”

“आणि काकू कशी आहे?”

“आई? मजेत आहे. शनिवारी जाते कांजूरला, रविवारी येते. म्हणते, कोर्टाची माणसं बघायला आली तर खोली उघडी हवी ना. तिकडे मिक्सर नेलाय तिने. पडदे पण लावलेत. काय गं, कोर्टाची माणसं येतात अशी शनिवारी?”

मी म्हणाले, “वकिलांना विचार.”

केयूरबद्दल मी त्याला काही बोलले नाही.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ आईच्या ओट्याशी उभी होते. क्षमाला तू विचारलेला प्रश्न मी चुकीचा वाचला होता. मी वाचलं: ‘मी कधी सुटेन?’ तू विचारत होतीस: ‘हे मला किती दिवस पुरेल?’ तुला आयुष्यभर नवऱ्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही, म्हणून तू लपवत राहिलीस. आता लपवण्यासारखं उरलं नाही, तर तू कोर्टाचा शिक्का हातावर टाकलास आणि त्याच्याखाली तुझा सौदा चालू ठेवलास. सगळं घर भोवती उभं आहे. सगळ्यांना दिसतंय की काहीतरी चाललंय.

मी हे सगळं ओळखलं असं गृहीत धरतेय. चूक असेल तर दुरुस्त कर. मी दुरुस्त्या घेते, तो माझ्या कामाचा भाग आहे.

कायद्याचं तेवढं नीट सांगते, क्षमाला विचारून. खोली तुझी आहे. शिक्का असो वा नसो, तुझ्या सहीशिवाय ती कुणी विकू शकत नाही. म्हणजे शिक्क्याची गरज कायद्याला नाही, फक्त जेवणाच्या वेळी आहे. ती गरज मला समजते. त्या जेवणाला मी होते.

शिक्का कायमचा नाही, हेही खरं. १३ तारखेला कोर्टाने मला वगळलं तर तुझा जामीन आपोआप संपेल. क्षमाला तशी थोडी आशा आहे, फार नाही. तसं झालं तर मी तुझ्याबरोबर घाटकोपरला येऊन बसेन, काकांसमोर, आणि तू जे म्हणशील ते त्यांना माझ्या तोंडाने सांगेन. मला फारसं बोलता येत नाही, पण नेमकं बोलता येतं. बाबाही येतो म्हणाले आहेत. ते भावाच्या घरी जायचं म्हणाले, म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आणि जर तुला त्याआधी काकांसमोर धरायला दुसरा रुमाल हवा असेल, तर तोही शोधू. क्षमाकडे बरेच आहेत.

मालाडच्या बाईंशी मी बोलले. आधी क्षमाला विचारलं, मग सरकारी वकिलांसमोर बोलले. म्हटलं, तुमचे पैसे परत आणणं माझ्या हातात नाही, पण ते कुठल्या वाटेने गेले हे शोधायला लागणारं सगळं मी तपासणाऱ्यांना समजावून सांगेन. त्या म्हणाल्या, “आधी का नाही आलीस?” सगळे मला हेच विचारतात. त्यांनी मला डब्यातली अर्धी शेंगदाण्याची चिक्की दिली. मी घेतली.

आभाराचं पान मी बदललेलं नाही. क्षमा म्हणाली, काढून टाक. काढलं तरी जुन्या प्रतींत ती ओळ राहणारच, आणि ती खरी आहे. आता तर पूर्वीपेक्षा जास्त खरी आहे. पत्ता तेवढा बदलायचा का, ते तू ठरव. तू सांगितलंस तर ‘कांजूरमार्ग’ लिहीन.

आता एकच गोष्ट हवी आहे. केयूरचा अर्ज देऊ, की तूच जामीनदार राहतेस? दोन्हीपैकी काहीही सांगितलंस तरी मला चालेल, आणि दोन्हींत मी तुझी ऋणी राहीन. तू राहिलीस तर अजून काही काळ माझ्या वागण्याची जबाबदारी तुझ्यावर असेल. मी रस्ते जपून ओलांडेन.

‘दे’ किंवा ‘नको’, एक शब्द पुरे. पोस्टकार्ड सोबत जोडलं आहे, पत्ता लिहिलेला आहे. हे पत्र मी आजच स्वतः कांजूरच्या पेटीत टाकतेय, म्हणजे उद्या शनिवारी तुला मिळेल. क्षमाला सोमवारी कागद करायचे आहेत, म्हणून शनिवार, १० जानेवारीपर्यंत ते माझ्या हातात पडेल असं टाक.

तुझी,
रुचिरा